सर्व्हिस लिफ्ट, पगार आणि समाधान : दरी वाढली की सगळ्यांचंच बिनसतं का?

स्वप्नजा_कोलशेत

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आली. सातवा विषय असा : 'घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरीवाले व ड्रायव्हर यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' टॉवर अठ्ठावीस मजल्यांचा आणि सर्व्हिस लिफ्ट एकच.

ठराव अजून मंजूर झालेला नाही, तरी गेटवर त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माझ्याकडे अकरा वर्षं येणाऱ्या मावशींना मंगळवारी पाऊण तास खाली थांबवलं, कारण सर्व्हिस लिफ्ट दुरुस्तीला होती. बाकी तीन लिफ्ट चालू होत्या. पुढच्या घरी उशीर झाला, तिथे बोलणी बसली. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या चिडल्या नव्हत्या. भांडी घासता घासता एवढंच विचारलं, "ताई, माझ्या अंगाला वास येतो का हो?"

त्याच आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?" तिच्या वर्गातली मैत्रीण सुट्टीत स्वित्झर्लंडला गेली होती आणि आम्ही दापोलीला.

मी किसननगरच्या चाळीत वाढले. बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. दोन खोल्या सोडून त्यांच्याच कारखान्यातले सुपरवायझर राहायचे. पगार दुप्पट, घरी टीव्ही, पुढे फ्रीजही आला. पण नळ एकच होता, शाळा एकच, गणपती एकच. आज आम्हा नवराबायकोची कमाई बाबांच्या कितीतरी पट आहे. तरी बाबांच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती होती ती आमच्या घरात नाही, आणि मावशींच्या घरात तर नाहीच.

म्हणून प्रश्न. माणसाचं बरं चालणं त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठरतं, की आजूबाजूच्यांच्या उत्पन्नापासून तो किती लांब आहे यावर? खालच्याला पुरेसं मिळालं तर वरच्याकडे कितीही असो, असं म्हणून चालेल का? मला नाही वाटत चालेल. पण मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. तुमचे अनुभव लिहा.

---

राजन_पाचपाखाडी

स्वप्नजाताई, लिफ्टचा नियम चुकीचाच आहे, त्यावर दुमत नाही. पण तो माणुसकीचा प्रश्न आहे, उत्पन्नाच्या वाटपाचा नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

माझं मत स्पष्ट आहे : गरिबी वाईट, विषमता नव्हे. १९९१ च्या उदारीकरणानंतर विषमता वाढली असेल, पण आमच्याकडे येणाऱ्या बाईंच्या घरी आज गॅस आहे, मोबाइल आहे, मुलगी बी.कॉम. करते आहे. त्यांच्या आईकडे यातलं काय होतं? शेजाऱ्याचं ताट बघून आपली भूक ठरवायची नसते. केक मोठा करा, सगळ्यांचा तुकडा मोठा होतो.

---

मेधा_ऐरोली

राजनकाका, मुलगी बी.कॉम. झाल्यावर नोकरी कुठली मिळते तेही विचारा त्यांना. माझ्या ऑफिसच्या मजल्यावर हाउसकीपिंगमध्ये दोन पदवीधर मुली आहेत.

---

अध्यापक_वाशी

मी वाशीत पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. वाद पुढे जाण्याआधी मोजमाप कशाचं होतं ते सांगतो.

सगळ्या लोकांना गरिबापासून श्रीमंतापर्यंत रांगेत उभं करा आणि खालच्या दहा टक्क्यांकडे एकूण उत्पन्नाचा किती हिस्सा येतो, खालच्या वीस टक्क्यांकडे किती, असं मांडत जा. जी वक्ररेषा मिळते ती लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये मांडली. सगळ्यांना सारखं मिळत असेल तर ती सरळ रेषा. प्रत्यक्षातली रेषा तिच्या खाली जितकी झोळीसारखी लोंबते तितकी विषमता जास्त. ही झोळी एका आकड्यात मांडली ती इटलीच्या कोराडो जिनी यांनी, १९१२ मध्ये. शून्य म्हणजे सगळे सारखे, १०० म्हणजे सगळं एकाच्याच घरात.

आता भारताचा आकडा. २०२२-२३ च्या उपभोग सर्वेक्षणावरून जागतिक बँकेने तो २५.५ काढला. म्हणजे भारत बऱ्यापैकी समान. पण हा खर्चावरचा आकडा आहे. उत्पन्नावरून काढला तर जागतिक विषमता माहितीसंचात तो २०२३ साठी ६२ च्या आसपास येतो. एकच देश आणि इतकं अंतर! कारण श्रीमंत माणूस मिळवलेलं सगळं खर्च करत नाही, साठवतो. मावशी बाराही महिने मिळवतात तेवढं खर्च करतात. खर्च मोजला की दोघं जवळ दिसतात.

नितीन कुमार भारती, लुकास शॉन्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत, कारण वरच्या थराची माहिती आयकराच्या आकड्यांवरून आणि श्रीमंतांच्या याद्यांवरून जोडावी लागते.

---

वृंदा_नौपाडा

जिनी वाचून आमच्या आजीने कान टवकारले. म्हणाली, "गिन्नीचा भाव काय झाला गं आता?" चालू द्या, मी वाचते आहे.

---

खानेसुमार

अध्यापक सरांच्या मुद्द्याला माझी पुस्ती. मी दोन वर्षं घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याचं काम केलंय, ठाणे जिल्ह्यातच.

लोकमान्यनगरात किंवा दिघ्याला गेलो की दारं उघडी. बाई पाट देणार, चहा देणार, डाळ किती, तेल किती, दवाखान्याला किती गेले, सगळं बोटावर मोजून सांगणार. मुलाच्या फीसाठी कोणाकडून किती व्याजाने घेतले तेही. तेच घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीच रोडच्या मोठ्या संकुलात गेलो की गेटवर ओळखपत्र, इंटरकॉमवर फोन, 'मॅडम बिझी आहेत, पुढच्या आठवड्यात या'. चारचार खेपा घालायच्या. दार उघडलं तरी उत्तरं घाईघाईत. त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही, अनेकांना खरंच माहीत नसतं की महिन्याला किती जातात.

मग कागदावर काय उतरतं? गरिबाची गरिबी पैशापैशाने, आणि श्रीमंताची श्रीमंती अंदाजाने. एवढं असूनही २०२२-२३ च्या सर्वेक्षणात शहरी भागातल्या खालच्या पाच टक्क्यांचा दरमहा दरडोई खर्च २,००१ रुपये आला आणि वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. दहापट. घरं न उघडणारे धरले असते तर किती आला असता?

राजनकाका, दोन हजार एक रुपयांत महिना काढणारा माणूस मी पाहिला आहे. तो ताटाकडे बघत नाही. तो उद्याकडे बघतो.

---

राजन_पाचपाखाडी

खानेसुमारदादा, तुमचं वर्णन अंगावर आलं. पण तुम्ही सांगितलं तेही गरिबीचंच. त्या माणसाचे दोन हजाराचे चार हजार झाले तर तो सुखी होईल, वरच्याचे वीस हजार राहोत की चाळीस होवोत. पैशाने सुख वाढतं हे आता अभ्यासातही दिसलंय. काहनमन आणि डीटन या संशोधकांनी २०१० मध्ये म्हटलं होतं की अमेरिकेत वर्षाला ७५,००० डॉलरनंतर रोजच्या सुखात फारशी भर पडत नाही. मग किलिंग्सवर्थ यांनी २०२१ मध्ये दाखवलं की पडते. २०२३ मध्ये काहनमन आणि ते एकत्र बसले आणि निघालं असं की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जातं. सपाट होतं ते फक्त जे मुळातच फार दुःखी आहेत अशा पंधरा-वीस टक्क्यांचं.

---

डॉ_सुहास_नेरूळ

राजनराव, ते बरोबर आहे. पण स्वप्नजाताईंचा प्रश्न 'पैसा वाढला तर सुख वाढतं का' असा नाही, 'अंतराने काय होतं' असा आहे. त्याचं उत्तर माझ्या क्षेत्रात आहे.

ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास. संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. हे सगळे कायम नोकरीतले, सरकारी ऑफिसांत काम करणारे पुरुष. उपाशी कोणीच नाही, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना एकच. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. आणि ही दोन टोकांची गोष्ट नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर फरक होता. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता! सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी मोठा फरक उरतोच.

मार्मट यांनी त्याचं कारण शोधताना बोट ठेवलं ते स्वतःच्या दिवसावर आपला किती ताबा आहे यावर. वरच्या माणसाला ताण असतो, पण काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे तो ठरवतो. खालच्याचं सगळं दुसरा ठरवतो. तुमच्या मावशींचा पाऊण तास आठवा. पैसा त्यांचा गेला नाही कदाचित, पण त्या पाऊण तासाची मालकी त्यांची नव्हती.

माझ्या दवाखान्यात बावीस-पंचवीस वर्षांची डिलिव्हरी करणारी मुलं वाढलेला रक्तदाब घेऊन येतात. औषध लिहून देतो. पण त्यांचा दिवस कुठल्या चिठ्ठीवर लिहून देऊ?

---

मेधा_ऐरोली

सुहासकाका, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

---

कोपरखैरणेचा_बाळू

मी फार लिहीत नाही, पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझे वडील माथाडी. साताऱ्याकडून आलेले. आधी मस्जिद बंदरला, मग बाजार हलले तसे तुर्भ्याला. पाठीवर शंभर शंभर किलोची पोती. आजोबाही हमालच होते, पण आजोबांच्या आणि वडिलांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पोतं तेच, वजनही तेच. बदलला तो कायदा.

अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने काय केलं? आजोबांच्या वेळी व्यापारी हातावर ठेवील ती मजुरी. आज काम आहे, उद्या नाही. आजारी पडलं की संपलं. कायद्याने मंडळं आली. कामगार मंडळात नोंदलेला, मालकही नोंदलेला. टोळीची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या हमालांच्या गटाची, मजुरी मंडळाकडे जमा होते आणि वरून मालकाने लेव्ही, म्हणजे मजुरीवर जादा रक्कम, भरायची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. वडिलांना महिन्याला पगार मिळायला लागला! हमालाला पगार, हे आजोबांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पुढे कोपरखैरणेला माथाडींची घरं झाली, तिथं मी वाढलो, इंजिनिअर झालो.

राजनकाका, तुम्ही म्हणता केक मोठा करा. बाजार आजोबांच्या वेळीही मोठा होताच, रोज गाड्याच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. केक होता, सुरी दुसऱ्याच्या हातात होती. कापायचा कायदा झाला तेव्हा आमच्या ताटात आला. आणि त्याने व्यापारी काही बुडाले नाहीत.

आता दुखणं सांगतो. त्याच बाजारात आज नोंदणी नसलेली पोरं काम करतात. एकाच गाडीवर एक नोंदीतला, एक बिननोंदीचा. एकाला म्हातारपणाची सोय, दुसऱ्याला काही नाही. हे बघताना वडिलांना त्रास होतो. ते म्हणतात, मी त्याच्या जागी होतो.

---

घणसोलीकर_पाटील

बाळूदादा, छान लिहिलंत. आता आमची बाजू.

वर सगळे उत्पन्नाबद्दल बोलताहेत. आमच्याकडे विषमता उत्पन्नातून आलीच नाही, जमिनीतून आली. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. भाव मिळाला तो तेव्हाच्या शेतजमिनीचा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

आमच्या आळीत साडेबारा टक्क्यांतून काही घरांत पैसा आला. काहींनी इमारत बांधली, भाड्यावर बसले. काहींचे कागद वारसांच्या वादात अडकले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हतीच, खाडीत मासे धरून किंवा दुसऱ्याच्या मिठागरात राबून जगायचे, त्यांना साडेबारा टक्के कशाचे? एकाच आज्ज्याची नातवंडं, एक गाडीत आणि एक त्याच गाडीचा ड्रायव्हर. हे माझ्या घरात आहे, ऐकीव नाही.

लग्नात, पालखीला, एकवीरेला जाताना अजून सगळे एकत्र असतात, म्हणून गाव टिकलंय. पण हळदीच्या खर्चात चढाओढ इतकी वाढली की ज्याच्याकडे नाही तो कर्ज काढतो. वरच्याने खर्च वाढवला की खालच्याला वाढवावाच लागतो, नाहीतर तोंड लपवावं लागतं. राजनकाका, ताटाकडे बघू नका म्हणता, पण लग्नात ताट सगळ्यांसमोरच वाढलेलं असतं ना.

---

राजन_पाचपाखाडी

पाटील, हा मुद्दा मानला. खर्चाची शर्यत मी माझ्या मुलीच्या लग्नात अनुभवली आहे. हॉलवर केलेल्या खर्चाचं मला अजून वाईट वाटतं.

---

गायमुख_रोजचा_प्रवासी

सव्वा तास झाला, घोडबंदर रोडवर गायमुखला अडकलोय, तेवढ्यात सगळा धागा वाचला. इथे बसून एक आठवलं ते सांगतो, एम.ए.ला शिकलो होतो.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये एक उदाहरण दिलं. दोन पदरी बोगद्यात तुम्ही अडकला आहात, दोन्ही रांगा एकाच दिशेच्या आणि दोन्ही ठप्प. थोड्या वेळाने शेजारची रांग हलायला लागते. तुम्ही अजून जागेवरच. पहिल्यांदा काय वाटतं? बरं वाटतं! म्हणजे पुढे मोकळं झालंय, आता आपलीही हलेल. पण बराच वेळ फक्त शेजारचीच हलत राहिली तर तुम्ही संतापता आणि मधली रेघ ओलांडून घुसायला तयार होता.

त्याचं म्हणणं, वाढत्या अर्थव्यवस्थेत लोक विषमता काही काळ सहन करतात, आनंदानेही, कारण ती आपल्याही पुढे जाण्याची खूण वाटते. पण हे उधारीवरचं आहे. आपली रांग हललीच नाही तर सहनशक्ती एकदम संपते. आणि शेजारच्या रांगेतला माणूस 'आपल्यातला' वाटत असेल तरच ती उधारी मिळते.

म्हणून १९९१ नंतरच्या काळाबद्दल राजनकाका बरोबर आहेत आणि आजच्या काळाबद्दल मेधाताई. बी.कॉम. होईपर्यंत रांग हलणार असं वाटत होतं.

---

मेधा_ऐरोली

हे फार नेमकं आहे. आणि आता तर काही जणांनी बोगद्याचा नादच सोडलाय. पाणी नाही? टँकर. वीज गेली? जनरेटर. शाळा? वेगळी. दवाखाना? वेगळा. आम्ही सगळे असंच करतो, मीही करते, मुलाच्या बाबतीत धीर होत नाही. पण ज्यांचा आवाज ऐकला जातो तेच नळावरून उठून गेले तर नळ दुरुस्त कोण करून घेणार?

---

डॉ_सुहास_नेरूळ

लोकल ट्रेन बघा. ट्रान्सहार्बरवर ठाण्याहून वाशीला जाताना मॅनेजरही लटकतो आणि हाउसकीपिंगवालीही. गाडी वीस मिनिटं थांबली की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. पालिकेच्या शाळेला महिनाभर शिक्षक नसला तर बातमी येते का?

---

वृंदा_नौपाडा

थोडं विषयांतर. पगारपत्रकात व्यवसाय कर कापला जातो, महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. तो का सुरू झाला हे किती जणांना माहीत आहे? माझे सासरे मंत्रालयात होते, त्यांच्याकडून कळलं.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली. वि. स. पागे यांची कल्पना, त्यांनी आधी तासगाव भागात ती करून पाहिली होती. जो मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून थोडेसे पैसे, त्यातून खेड्यातल्या मजुराला खडी फोडण्याचं काम आणि त्या दिवसाची भाकरी. पुढे १९७७ मध्ये हमीचा स्वतंत्र कायदा झाला आणि देशाच्या रोजगार हमी कायद्याला वाट मिळाली.

सासरे म्हणायचे, तेव्हा शहरातल्या कर्मचाऱ्यांनी फारशी कुरकूर केली नाही, कारण दुष्काळात गाव सोडून आलेली माणसं त्यांनी स्टेशनवर बघितली होती. डोळ्यांसमोर होती.

---

अध्यापक_वाशी

वृंदाताई, विषयांतर मुळीच नाही. वाटप म्हणजे फक्त एकाचं काढून दुसऱ्याला देणं नव्हे. माथाडी मंडळ, रोजगार हमी, पालिकेचा दवाखाना ही वाटपाचीच रूपं. अमर्त्य सेन म्हणतात तसं, हातात किती पैसे यापेक्षा त्या पैशांतून माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो, हे बघायचं. नळाला पाणी असलेल्या वस्तीतले पंधरा हजार आणि टँकरच्या वस्तीतले पंधरा हजार हे सारखे नाहीत.

फक्त एक सावधगिरी. विषमता जास्त म्हणून अमुक आजार, अमुक गुन्हे, असा थेट संबंध देशादेशांच्या तुलनेतून काढणाऱ्या अभ्यासांवर बरेच वाद झाले आहेत. काही संबंध टिकतात, काही देश बदलले की विरतात. लिफ्टच्या नियमाच्या बाजूने बोलणाऱ्या कोणी असे आकडे विचारले तर हे प्रामाणिकपणे सांगा.

---

स्वप्नजा_कोलशेत

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सभा झाली, ती सांगते.

मी हर्शमनचा बोगदा सांगितला, घोडबंदर रोडवाल्यांना तो लगेच कळला. डॉक्टरांचा पाऊण तासाचा मुद्दाही मांडला. पण सभा हलली ती दुसऱ्याच गोष्टीने. पंधराव्या मजल्यावरचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, "माझी आई याच ठाण्यात चार घरची धुणीभांडी करायची. आज ती असती तर मला भेटायला कुठल्या लिफ्टने आली असती?" कोणी काही बोललं नाही. ठराव मागे घेतला गेला. तीन जणांनी विरोध नोंदवला, त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचं आहे.

मावशींना संध्याकाळी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण ताई, महिन्याला दोन सुट्ट्यांचं काय?" लिफ्टमध्येच अडकून बसले होते मी. त्यांना हवी होती ती हक्काची रजा. आमच्या टॉवरमध्ये बहुतेक घरी खाडा झाला की पैसे कापतात. मी कापत नाही, पण ठरलेली रजा मीही कधी दिलेली नाही.

बाळूदादा, तुमची माथाडी मंडळाची हकिकत डोक्यातून जात नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, मंडळही आहे, पण माथाडींसारखी मालकाने भरायची सक्तीची लेव्ही त्यात नाही. सोसायटीपुरतं आपण काही करू शकतो का? प्रत्येक घराने दरमहा ठराविक रक्कम, महिन्याला दोन भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, आणि सगळ्यांची मंडळात नोंदणी. पुढच्या रविवारी दहाबारा घरं बसणार आहोत, मावशी आणि त्यांच्या चार मैत्रिणीही असतील. तुम्ही येऊन टोळीचा हिशेब कसा ठेवतात ते सांगाल का?

---

राजन_पाचपाखाडी

ताई, वर्गणीचा तक्ता मी करून देतो. निवृत्त बँकवाला आहे, तेवढं येतं. विषमतेवरचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, चहा घेताना भांडू.

---

कोपरखैरणेचा_बाळू

येतो. वडिलांनाही आणतो, टोळीची वही त्यांनी वीस वर्षं लिहिली आहे. फक्त सकाळी नको, रविवारी त्यांचं भजन असतं. चार नंतर चालेल का? आणि मावशींना सांगा, आधार आणि बँकेचं पासबुक बरोबर ठेवा, नोंदणीला लागेल.